बढतीचं पत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पेपर तपासणीची धांदल ऐन भरात असताना, आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. प्राचार्य स्वतःहून चहा मागवतात तेव्हा काहीतरी गळ्यात पडणार, एवढं पंचवीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं असतं. गणित विभागाचं प्रमुखपद आणि त्याच्या जोडीला पदवीच्या पहिल्या दोन वर्षांची सगळी जबाबदारी, असा प्रस्ताव होता. थोडा भत्ता, दारावर नावाची पाटी आणि आठवड्याला वीस तास शिकवणं. "तुम्हाला शिकवायला आवडतं ना मॅडम?" ते म्हणाले. आता या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकानं १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. म्हणजे कागदावर माणूस वर चढला की तास दोनानं उतरतात. पण २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आले, विषयांची संख्या वाढली आणि आमच्याकडच्या रिकाम्या जागा मात्र रिकाम्याच राहिल्या. मग चौदाचे वीस होतात. घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, बढती म्हणजे काम कमी होतं अशी माझी समजूत होती."

माझी अडचण वेगळीच होती. आइन्स्टाइनच्या समीकरणांची उत्तरं शोधणं हा माझा संशोधनाचा विषय. पहाटे पाच ते सात या वेळात, कुकरची शिट्टी होईपर्यंत, गेली दहा वर्षं मी त्यावर काम करते आहे. त्यातला एक निबंध नियतकालिकाकडून दुरुस्त्यांसाठी परत आला होता. सहा महिने तरी शांतपणे बसायला हवं होतं. वीस तासांत ते जमणार नव्हतं. निवृत्तीला नऊ वर्षं राहिलेली. आता बाजूला ठेवलेलं काम पुन्हा हातात येतं का, हे आमच्या वयाच्या माणसांना ठाऊक असतं.

अशा वेळी माणूस मोठ्यांची उदाहरणं शोधतो, बहुधा आपल्याला हवं ते उत्तर मिळावं म्हणून. फाइनमन यांना प्रिन्स्टनच्या प्रसिद्ध संस्थेत जागा देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली. नवीन काही सुचत नसेल तेव्हा निदान वर्गावर जाता यावं, असं त्यांचं म्हणणं. वाचायला छान वाटतं. पण फाइनमनना तीन तुकड्यांच्या हजेऱ्या भरायच्या नव्हत्या!

आपल्या कोल्हापुरातलं उदाहरण मला अधिक जवळचं वाटलं. विष्णू वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील. जन्म १९०८ चा, कोल्हापूरचाच. टाटांची शिष्यवृत्ती आणि कोल्हापूर संस्थानचं कर्ज घेऊन ते केंब्रिजला गेले. तिथे मोठी पारितोषिकं मिळवली, एडिंग्टनसारख्यांच्या सहवासात काम केलं. पुढे अमेरिकेला, कॅल्टेकला जाण्याचा विचार होता. त्याच सुमारास पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचं प्राध्यापकपद देऊ केलं. वय फक्त चोवीस. १९३२ मध्ये ते बनारसला गेले आणि १९६० पर्यंत तिथेच राहिले. कॅल्टेकला गेले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न आपण विचारतो. त्यांनी तो किती वेळा विचारला असेल, कोण जाणे.

१९४२ मध्ये त्यांच्याकडे वैद्य नावाचा एक गुजराती तरुण आला. प्रल्हाद चुनीलाल वैद्य. साठवलेल्या तुटपुंज्या पैशांवर, बायको आणि तान्ही मुलगी यांना घेऊन. दहाएक महिने राहिला. १९१६ मध्ये श्वार्झशिल्ड यांनी ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडलं होतं, पण त्यात ताऱ्याबाहेरची जागा रिकामी धरली होती. खरा तारा तर प्रकाश बाहेर टाकतो, मग बाहेर रिकामं कसं असेल? नारळीकरांनी हा प्रश्न वैद्यांपुढे ठेवला आणि १९४३ मध्ये वैद्यांचं उत्तर प्रसिद्ध झालं. ते आजही जगभर वैद्य यांच्याच नावानं ओळखलं जातं. माझ्या वहीत तर ते रोज येतं.

हे सगळं वाचून मी जवळजवळ होकार ठरवला होता. शिवाय एक उदात्त कारणही सापडलं होतं. आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक आहेत. पहिल्या वर्षाचे बरेच वर्ग तेच घेतात. त्यांची पीएच.डी. रखडली आहे. मी वीस तास घेतले तर त्यांना वेळ मिळेल, असं मला वाटलं. मोठ्या मनानं त्यांना तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझे तास घेतले तर मला पैसे कुठून मिळणार?" ते दोन कॉलेजांत शिकवतात, मोटारसायकलवर जा-ये करतात आणि पैसे तासावर मिळतात. पंचवीस वर्षं पगाराच्या तारखेला पगार घेणाऱ्या माझ्यासारखीला हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात वर्गात सीमा हा विषय शिकवत होते. क्ष शून्याच्या जवळ जवळ जातो, पण शून्य होत नाही. राधानगरीकडून एसटीनं येणारा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, जवळ जवळ जायचं आणि पोचायचं न्हाई, मग निघायचंच कशाला?" वर्ग हसला. मीही हसले. पण त्याला नीट उत्तर द्यायला मला उरलेला अख्खा तास लागला, वेगापासून सुरुवात करावी लागली. गाडी ठरावीक क्षणी किती वेगानं चालली आहे हे काढताना वेळाचा तुकडा लहान लहान करत जावं लागतं, तो शून्य केला तर गणितच मोडतं. शेवटी तो म्हणाला, "आत्ता पटलं." कित्येक महिन्यांत मला माझ्या निबंधानं असा आनंद दिला नव्हता, हे कबूल करते. पण निबंध सोडवतही नव्हता.

शेवटी मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. पद स्वीकारते, पण चौदाच तास, नियमाप्रमाणे. उरलेले सहा त्या तरुण शिक्षकांकडेच राहावेत. आणि गुरुवारी दुपारी मला वर्ग नको. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही बढती घेताय की मागण्यांचं निवेदन देताय?" आठ दिवस काही कळवलं नाही. मग मान्य केलं, पण तो वाढीव भत्ता मात्र गेला. माझ्या यजमानांनी त्याचा हिशेब वर्षावर करून दाखवला, तो मी इथे सांगत नाही.

जूनमध्ये पहिल्याच गुरुवारी वही उघडून बसले तर दारात तो राधानगरीचा मुलगा. "मॅडम, तास नाही माहितेय, पण एक विचारायचं होतं." बस म्हटलं. अर्धी दुपार गेली. निबंधाच्या दुरुस्त्या दिवाळीच्या सुट्टीत पुऱ्या करून पाठवल्या. उत्तर अजून यायचं आहे.