बातमीमागचा इतिहास



इतिहास हा परीक्षेपुरता विषय, असा समज आपल्यात आहे. आम्हाला वाटते, आजची बातमी नीट समजावी म्हणून इतिहास वाचला पाहिजे. एकच उदाहरण घेऊ.

बार्शीच्या तहसील कचेरीत आपली मुले जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करतात. धर्म बौद्ध आणि दाखला अनुसूचित जातीचा, यात आज कोणाला नवल वाटत नाही. पण हे सहज मिळालेले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ मध्ये झाले सुमारे २८ लाख. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला; बौद्ध बाहेरच राहिले. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांचे दार मात्र बंदच. म्हणून कित्येक घरांत मनाने बौद्ध आणि कागदावर 'हिंदू महार' असे दुहेरी जगणे आले. मोर्चे, निवेदने चालू राहिली. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या काळात संसदेने कायदा केला, तेव्हा कुठे बौद्धांचा समावेश झाला. मधल्या ३४ वर्षांत एक पिढी गेली.

आता बातमी पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. इतर धर्मांत गेलेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न. असा विषय निघाला की आपल्यातले काही लगेच म्हणतात, "आपल्या वाट्यात वाटेकरी नकोत." जागा वाढणार काय, हे जरूर विचारावे. पण ३४ वर्षे आपण काय सांगत होतो? धर्म बदलला तरी गावाची नजर बदलत नाही, हेच ना? तेच म्हणणे दुसरा मांडतो तेव्हा ते तपासल्याशिवाय झिडकारणे आपल्याला शोभत नाही.

विद्यार्थ्यांनो, बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा. हे केव्हापासून आहे? कोणत्या कायद्याने आले? कोणाच्या खटपटीने आले? कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असेच सांगितले. घरी आजोबांचा शाळेचा दाखला असेल तर काढून पाहा. त्यावरच्या एका शब्दात आपला इतिहास सापडेल.

नमो बुद्धाय! जयभीम!