पहिल्या वर्षाची ठेच आणि वैद्यकाची वाट

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दहावीस उत्तम यश मिळविलेल्या मुलामुलींचे आज येथे कौतुक झाले. त्यांचे अभिनंदन करून, ज्यांना आज व्यासपीठावर कोणी बोलाविले नाही त्यांच्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे. मागील एक-दोन वर्षांत याच ठिकाणी पुष्पगुच्छ स्वीकारलेली काही मुले आज मागच्या रांगेत बसली आहेत. काही आलीच नाहीत. डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी विज्ञान शाखा घेतली, अकरावीत गुण घसरले आणि घरावर सुतकाची कळा आली.

मी केवळ मॅट्रिक होऊन शिक्षक झालेला मनुष्य. परंतु आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, आणि निवृत्तीनंतरही पालक गुणपत्रके घेऊन माझ्याकडे येतात. अकरावीतील अपयश हे बहुधा बुद्धीचे अपयश नसते. मराठी माध्यमातील मूल एकाएकी इंग्रजी पुस्तकापुढे बसते. दहावीत पाठांतरावर निभावते; पुढे भौतिकशास्त्र गणित मागू लागते. शिवाय दहावीच्या श्रमानंतर हे वर्ष विश्रांतीचे, असा गोड गैरसमज घरोघर असतो. लोकमान्य टिळकांनीही डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष तालमीत घालविले, हे आपण जाणताच. त्यांनी शरीर तरी कमावले. आमच्या मुलांचे ते वर्ष नुसतेच हातून जाते.

आता नियम काय सांगतो ते पाहू. पूर्वी आपल्या राज्यात बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरत असे. आता तो 'नीट' या अखिल भारतीय परीक्षेच्या गुणांवर ठरतो. बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के आणि राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण लागतात. अकरावीचे गुण या प्रवेशात धरले जात नाहीत. २०२२ साली कमाल वयाची अटही काढून टाकण्यात आली. म्हणजे दार बंद झालेले नाही.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. अकरावीचे गुण कोणी विचारीत नसले, तरी अकरावीचा अभ्यास विचारला जातो. कारण 'नीट'चा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम अकरावीचाच आहे. जो विद्यार्थी "झाले ते झाले" म्हणून थेट बारावीची पुस्तके उघडतो, तो पायाच्या भिंतीवाचून माडी बांधू पाहतो. मागे वळून तोच अभ्यास पुन्हा करणे हाच खरा उपाय आहे.

याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीस दहावीत ९१ टक्के गुण होते. अकरावीत ती भौतिकशास्त्रात अनुत्तीर्ण झाली. वडिलांचे लहानसे किराणा दुकान. महागड्या शिकवणीची ऐपत नव्हती. त्या उन्हाळ्यात तिने अकरावीची एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके पहिल्या पानापासून पुन्हा वाचावयास घेतली. एका वहीत ती प्रत्येक चुकलेले उदाहरण उतरून त्यापुढे कारण लिही : ठाऊक नव्हते, ठाऊक असून चुकले, की वेळ पुरला नाही. दोन महिन्यांनी वही चाळली, तेव्हा निम्म्याहून अधिक चुका अपूर्णांक, दहाचे घात आणि एकके यांच्या निघाल्या. भीती भौतिकशास्त्राची, आणि दोष शाळेतल्या अंकगणिताचा! तो दूर झाला. तरीही बारावीनंतर तिला जागा मिळाली नाही. तेव्हा वडील म्हणाले, "बाळ, आणखी एक वर्ष घे. त्यानंतर जी वाट मिळेल ती आनंदाने धरू." दुसऱ्या खेपेस तिला शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

विद्यार्थी मित्रहो, या परीक्षेचे एकूण गुण ७२०. त्यांपैकी ३६० जीवशास्त्राचे. भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी १८०. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक वजा होतो. म्हणून अंदाजाने खुणा करीत सुटू नये. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

मी कोणास खोटी आशा दाखवीत नाही. २०२४ साली या परीक्षेस देशभरातून २४ लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्याच पुढे होत्या. परीक्षेत पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. म्हणून किती वर्षे प्रयत्न करावयाचा हे आरंभीच ठरवावे, आणि जमीन गहाण ठेवून शिकवणी लावू नये. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपथी यांचे प्रवेशही याच परीक्षेतून होतात. परिचर्या व औषधनिर्माणशास्त्र यांच्या वाटा आहेतच. रुग्णसेवेचे पुण्य कोणत्याही वाटेने लाभते.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मूल पडले की त्याच्यापुढे आत्येभावाच्या गुणांचा पाढा वाचू नका. कोटा शहरात २०२३ साली वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. अपयशी मुलाला घरची भीती वाटू लागली, तर त्याने जावे कोठे? आणि ज्ञातिबांधवांनो, लग्नकार्यात भेटलेल्या मुलीला "सध्या घरीच का?" असा खोचक प्रश्न विचारू नका. ती घरी बसलेली नसते; ती पुन्हा उभी राहत असते.

मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. प्रवेश मिळालेल्या मुलांची पुस्तके गोळा करून मंडळाच्या कार्यालयात एक पुस्तकपेढी सुरू करावी. आणि ज्ञातीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांनी अकरावीत मागे पडलेल्या प्रत्येकी एका मुलास सुटीत शिकवावे. याला पैसा थोडा लागतो, आपुलकी मात्र पुष्कळ लागते. पहिल्या येणाऱ्याचा सत्कार आपण करतोच. पडून उठणाऱ्याला हात देणे हेही मंडळाचे कर्तव्य आहे.