एका पंगतीतील भिन्न प्रकृती



घाटमाथ्यावरील या कॅसलरॉक गावी देवकार्यानिमित्त आपण एका पंगतीस बसतो. तूप आणि नारळाचे पदार्थ सर्वांच्या पानात सारखेच पडतात. परंतु शेजारी बसलेल्या दोन सख्ख्या भावांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सारखेच निघेल, असा नेम नाही. याचे कारण काय, हाच आजचा विषय आहे.

शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच निर्माण करते. अन्नातून अधिक आले तर पुष्कळांचे शरीर तोल सांभाळून घेते. रोज 25 अंडी खाणाऱ्या 88 वर्षांच्या एका अमेरिकन गृहस्थांचे कोलेस्टेरॉल सामान्य असल्याचे 1991 साली प्रसिद्ध झाले. त्यांचे आतडे ते शोषून घेतच फार थोडे. हे भाग्य सर्वांचे नसते. तूप-खोबऱ्यातील संपृक्त स्निग्ध पदार्थांचा परिणाम कोणावर किती व्हावा, हे काही अंशी जन्मजात जनुकांवर अवलंबून असते.

याच्या उलट, मिताहारी माणसाचेही कोलेस्टेरॉल फार वाढलेले आढळते. यकृताच्या पेशींवरील ग्राही रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी हे ग्राही शोधून काढले व 1985 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या ग्राहींच्या जनुकात दोष असला, तर एलडीएल बालपणापासूनच साचत राहते. सुमारे 250 ते 300 माणसांत एकास असा आनुवंशिक दोष असतो व त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो.

ऐन चाळिशीत कोणी हृदयविकाराने गेला, की आपण त्याच्या खाण्याला बोल लावतो, नाहीतर दैवाला. त्याऐवजी त्याच्या भावंडांची व मुलांची रक्ततपासणी करावी. एलडीएल 190 च्या वर निघाल्यास केवळ पथ्यावर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. पथ्य हवेच, पण अशा प्रकृतीला ते एकटे पुरत नाही.

महाजनांची वंशावळ आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती पित्याकडून चालते. हा दोष मात्र मातेकडूनही येतो. म्हणून घरात असा रोग आढळल्यास सासरी गेलेल्या लेकीबहिणींनाही अवश्य कळवावे. कुळाचा हा वारसा वेळीच ओळखण्याची सद्बुद्धी देव आपणा सर्वांस देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.