उच्चार : शाळेतला आणि घरातला

(हीरक महोत्सवी पालक-मेळाव्यातील भाषण)



इंदुरातील मराठी घरांत एक प्रसंग वारंवार घडतो. मूल हिंदीच्या तासाला 'ज्ञान' हा शब्द 'ग्यान' असा शिकते आणि घरीही तसाच उच्चारते. आजोबा लगेच अडवतात, "ग्यान नव्हे रे, द्न्यान म्हण!" मूल गोंधळते. गुरुजी खरे की आजोबा?

दोघेही खरे. 'ज्ञ' हे ज् आणि ञ यांचे जोडाक्षर. मराठीने त्याचा 'द्न्य' केला, हिंदीने 'ग्य', गुजरातीने 'ग्न'. मुळापासून तिन्ही भाषा दूर आल्या आहेत. म्हणून हिंदी वाचताना 'ग्यान' म्हणणारे मूल चुकत नाही; तेथे त्याला अडवले, तर गुरुजींवरचा त्याचा विश्वास विनाकारण डळमळतो. मराठी बोलताना मात्र 'द्न्यान'च हवे.

मग काही सुधारूच नये काय? तसे नाही. 'ळ' हा वर्ण प्रमाण हिंदीत नाही. मुलाने 'काळ'ला 'काल' आणि 'वेळ'ला 'वेल' म्हटले, तर अर्थच बदलतो. 'च', 'ज', 'झ' यांची गोष्ट याहून नाजूक. 'जरा थांब'मधला 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाची 'जरा' यांचे लेखन एक, उच्चार दोन. 'माझा'मधला 'झ' निराळा, 'माझी'मधला निराळा. देवनागरीत या भेदाला स्वतंत्र खूण नाही. पुस्तक तो दाखवत नाही; तो कानानेच शिकावा लागतो. महाराष्ट्रात तो रस्त्यावर, बाजारात ऐकू येतो. इंदुरात शाळा सुटल्यावर तो ऐकवणारे मुख्य ठिकाण उरते ते घर.

म्हणूनच सुधारण्याची रीत महत्त्वाची. "आई, जेवायची वेल झाली," असे मूल म्हणाले, तर "हो, वेळ झाली, चल," एवढे उत्तर पुरे. योग्य शब्द कानी पडतो आणि बोलणे तुटत नाही. याउलट चारचौघांत हसू झाले, प्रत्येक वाक्याला अडवणूक झाली, की मूल सोपी वाट धरते. ते हिंदीत उत्तर देऊ लागते. तेव्हा एक उच्चार वाचतो आणि भाषा जाते.

या शाळेने साठ वर्षे मुलांना मराठी लिहावाचायला शिकवले. त्या भाषेचा नाद जपण्याचे काम घराचेही आहे. कच्चा 'ळ' ऐकून ऐकून पक्का होतो. मराठीत बोलायचे सोडून दिलेल्या मुलाला पुन्हा बोलते करणे फार अवघड. पालकांनी चुका कमी मोजाव्यात आणि मुलांशी मराठीत अधिक बोलावे.