पुरुषांचा पोशाख, आजची फॅशन आणि आपला धंदा

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा मला किंचित नवल वाटले. आजवर या व्यासपीठावरून संतचरित्रे, हुंड्याची चाल, लग्नातील उधळपट्टी आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक असे विषय झाले. यंदा तरुण मंडळींनी आग्रह धरला तो पुरुषांच्या पोशाखाचा, आणि त्यातही ज्यांना ते 'डिझायनर' कपडे म्हणतात त्यांचा. एका वृद्ध स्नेह्यांनी मला विचारलेही, "गुरुजी, नामदेव महाराजांच्या समाजात हा कसला विषय?" मी म्हणालो, नामदेव महाराजांच्या समाजात हा विषय बोलायचा नाही, तर मग कोठे बोलायचा? महाराजांचे नरसी आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतील एका पदात त्यांनी मनाला गज आणि जिभेला कातर कल्पिले आहे. देवाचे नाव घेताना ज्यांनी हातची कातर खाली ठेवली नाही, त्यांच्या लेकरांनी कपड्याविषयी बोलण्यास संकोच करू नये.

आपल्या वडील पिढीची तक्रार अशी की, हल्लीची मुले नटण्यामुरडण्यात पैसा घालवितात; पूर्वीचे पुरुष साधे होते. ही तक्रार मी आदराने ऐकतो, पण ती इतिहासाला धरून नाही. आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे हरिषेण राजा होता, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे करविले, असे तेथील शिलालेखच सांगतो. १७ वे लेणेही त्याच राजवटीतील. ज्यांनी ती चित्रे पाहिली असतील त्यांना आठवत असेल की, तेथील पुरुष स्त्रियांइतकेच नटलेले आहेत. डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्यांच्या माळा, दंडात बाजूबंद, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे झुळझुळीत वस्त्र. एक गोष्ट मात्र आपल्या समाजाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. राजपुरुष बहुधा उघड्या अंगाचे, आणि शिवलेले अंगरखे आहेत ते सैनिकांच्या, सेवकांच्या आणि परदेशी पाहुण्यांच्या अंगावर. म्हणजे आपल्या सुईने प्रथम चाकरांना झाकले. राजांपर्यंत ती पुढे पोचली.

पुढच्या काळाचे काय सांगावे? बारा बंदांची बाराबंदी, चुणीदार अंगरखा, खांद्यावर जरीकाठी उपरणे, उजव्या कानाच्या वरच्या पाळीत मोत्यांची भिकबाळी. हा सारा पुरुषांचाच थाट आहे. तीच भिकबाळी आज महाविद्यालयातील मुलगा घालतो तेव्हा आजोबा कपाळाला आठ्या घालतात. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ती तर बांधूनच ठेवलेली असते, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवावयाची. तयार मालाचा पहिला मान तिलाच द्यावा लागेल! समुद्रमंथनाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पीतांबर नेसलेल्या विष्णूला समुद्राने लक्ष्मी दिली आणि दिगंबर शंकराला हलाहल. गोष्ट रचणाऱ्याला जगाची रीत ठाऊक होती.

परंतु पोशाखाचे याहून गंभीर असे एक अंग आहे. १८८८ मध्ये पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. निमंत्रित मंडळी उंची पोशाखात आली होती. महात्मा फुले तेथे शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राजपुत्राला म्हणाले की, ही नटलेली माणसे म्हणजे हिंदुस्थानची रयत नव्हे, रयत पाहावयाची तर खेड्यांत जा. बोलण्याआधी त्यांच्या कपड्यांनी अर्धे भाषण केले होते. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून गावोगाव फिरले. त्यांना गोधडे महाराजही म्हणत. उलटपक्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्यांच्या पूर्वजांना चांगले वस्त्र घालण्याचीही बंदी होती, त्यांतील हा पुरुष नीट बेतलेला सूट घालून सभेत उभा राही, तेव्हा त्या सुटाचा अर्थ समोरच्या प्रत्येकाला कळत असे. एकाने चिंध्या निवडल्या, एकाने सूट. दोघांनीही जाणून निवडले. म्हणून कपड्यांची आवड म्हणजे उथळपणा, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता 'डिझायनर' म्हणजे कोण? हा कोणी आकाशातून उतरलेला प्राणी नव्हे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये दुकान थाटले. तोवर गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे अशी रीत होती. वर्थ स्वतः नमुने काढून गिऱ्हाइकांपुढे ठेवू लागला, आणि कपड्याच्या आतल्या बाजूस आपल्या नावाची पट्टी शिवू लागला. एवढाच काय तो फरक. पण त्या पट्टीने शिंप्याचा साहेब झाला. आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावयाचे तर कोल्हापूरच्या भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९ चा. वडील चित्रकार. 'गांधी' या १९८२ च्या चित्रपटाच्या वेशभूषेकरिता त्यांना १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. विचार करा, त्या कामात होते काय? बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत एका माणसाचे बदलत गेलेले आयुष्य कपड्यांतून दाखविणे. हे काम झगमगाटाचे नव्हते, समजुतीचे होते.

आपल्या तरुणांनी विशेष लक्षात घ्यावी अशी हकीकत २०२५ सालची आहे. त्या वर्षी जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या नामांकित पेढीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन मांडले. मिरवणाऱ्या तरुणांच्या पायांत ज्या वहाणा होत्या त्या पाहून आपला कोणीही माणूस म्हणाला असता की, या कोल्हापुरी आहेत. पेढीने मात्र त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले. किंमत लाखाच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रात गवगवा झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, तेव्हा पेढीने मान्य केले की कल्पना तेथूनच घेतली आहे. आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. आपल्या चर्मकार बंधूंची कला तीच, चामडे तेच, पट्टा तोच. कोल्हापुरात जी चप्पल शेकड्यांत मिळते ती मिलानला लाखात जाते, ती तिच्यावरील नावामुळे. ते नाव लावणारा कारागीर नव्हता, एवढेच.

येथे कोणी म्हणेल, मग डिझायनर कपडे म्हणजे नुसते नाव विकणे. पुष्कळदा तसेच असते, हे मी नाकारीत नाही. म्हणून शौकीन मुलांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान होते, आता ते पुसट होत चालले आहे. कोट किंवा शेरवानी घेताना आधी खांदा पाहा. खांद्याचे हाड जेथे संपते तेथेच मुंढ्याची शिवण आली पाहिजे. बाही लांबआखूड करता येते, कंबर आत घेता येते, खांदा चुकला तर तो कोट दुसऱ्याचाच. चौकटीचे किंवा पट्ट्याचे कापड असेल तर शिवणीवर आणि खिशावर रेघेला रेघ मिळते काय ते पाहा. तेथे कारागीर ओळखू येतो. छातीचे कापड चिमटीत धरून पाहा. चांगल्या कोटात कापड आणि अस्तर यांच्या मध्ये एक स्वतंत्र थर हाताने टाचलेला असतो आणि तो बोटांना निराळा लागतो. हलक्या कोटात तो डिंकाने चिकटविलेला असतो. चार-दोन धुलायांनंतर त्यावर पापडासारखे फुगे येतात, मग नाव कोणाचेही असो. शेवटी उलटून शिवण पाहा. तयार मालात शिवणीच्या आत कापड जेमतेम असते. आपला शिंपी तेथे दोन बोटे माया ठेवतो, म्हणजे पोराचे अंग भरले, नवऱ्याचे पोट सुटले, तरी कपडा उसवून सैल करता यावा. शिवणीतल्या जास्तीच्या कापडाला 'माया' हा शब्द ज्याने प्रथम योजला तो मला आपल्या भाषेतील थोर माणूस वाटतो.

आणि लग्नातील ती भाड्याची शेरवानी! नवरदेव समोरून राजा दिसतो. पाठीमागे मात्र आठ-दहा टाचण्या लावून ती अंगाबरोबर आणलेली असते. छायाचित्रात पाठ येत नाही म्हणून निभावते. बिचाऱ्याला बोहल्यावर टेकून बसण्याची सोय नाही. त्याच पैशात, फार तर थोड्या अधिक पैशात, आपल्याच गल्लीतील कारागिराकडून मापाचा बंद गळ्याचा कोट होतो, आणि तो पुढे दहा वर्षे कपाटात राहतो. पण त्या कारागिराकडे नवे नमुने नसतात, आणि मुलाच्या मोबाइलवर हजार असतात. दोष दोन्ही बाजूंस आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या समाजातील एक मुलगा बारावी झाला. हुशार, चित्रे उत्तम काढणारा. त्याला वस्त्ररचनेचे शिक्षण घ्यावयाचे आहे. वडील नोकरीत आहेत. त्यांनी मला बोलावले ते मुलाची समजूत घालण्याकरिता. म्हणाले, "गुरुजी, माझ्या बापाने पाय सुजेपर्यंत मशीन मारली ती कशासाठी? मला शाळेत घालता यावे म्हणून. आणि आता नातवाने पुन्हा सुईदोरा हाती घ्यावा?" या प्रश्नाला पटकन उत्तर देणारा मनुष्य मला शहाणा वाटणार नाही. त्यात कष्ट आहेत, दिवाळीच्या तोंडावरील जागरणे आहेत, मोठ्या घरच्या ओसरीखाली बसून माप घेतल्याची आठवण आहे, उधारीच्या वह्या आहेत. तयार कपड्यांची दुकाने आली, तेव्हा ज्यांच्या मशीनी नुसत्या चेन आणि फॉल लावण्यापुरत्या उरल्या, ती घरेही या सभेत बसली आहेत.

तरीही मी त्या गृहस्थांना जे सांगितले ते येथे सांगतो. आपल्या वडिलांना अपमान सोसावा लागला तो सुईमुळे नव्हे. माल त्यांचा, हात त्यांचा, पण भाव दुसरा ठरवीत होता आणि नाव कोठेच नव्हते, म्हणून. तुमचा मुलगा जे शिकू पाहतो त्यात कापडाची पारख आहे, चित्रकला आहे, हिशेब आहे, बाजाराचे ज्ञान आहे. आपण ज्या भागात राहतो तो कापसाचा मुलूख. कारंज्याचा कापूस, शेजारी यवतमाळला डेनिमचा कारखाना, अमरावतीजवळ नांदगावपेठेस कापडाचे कारखाने. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा भगिनींचे भरतकाम आणि आरसेकाम पाहा. बाहेरचे लोक त्याचे नमुने उचलून नेतात. कापूस येथला, भरतकाम येथले, शिवणारे हात येथले. आणि त्यावर पट्टी शिवावयाची ती मुंबई-कलकत्त्याने, असे किती दिवस चालावे? त्या गृहस्थांचे समाधान झाले असे मी म्हणत नाही. "विचार करतो," एवढेच ते म्हणाले. परंतु मुलाची चित्रांची वही त्यांनी पहिल्यांदाच उघडून पाहिली, आणि एका कोटाच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा उरेब कापावा लागेल." बापाची नजर कोठे जाते?

माहितीकरिता सांगतो. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी ही केंद्र सरकारची संस्था १९८६ मध्ये दिल्लीस निघाली. तिचे मुंबईचे केंद्र १९९५ पासून आहे, हल्ली खारघरला. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांचा पदवीक्रम करता येतो. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. फी थोडकी नाही. ज्यांना एवढे लांब जाणे नको त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणकामाचे वर्ग आहेत. आणि जे आज प्रत्यक्ष धंद्यात आहेत त्यांच्याकरिता १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांकरिता १५,००० रुपये, आणि तारणाशिवाय पहिल्या खेपेस १ लाख व ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजाने. एका कुटुंबातील एकालाच याचा लाभ मिळतो, आणि घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे; नाहीतर फेऱ्या फुकट जातात.

अध्यक्ष महाशय, माझी सभेपुढे एकच विनंती आहे. आपल्या शिक्षणनिधीतून वैद्यकी व अभियांत्रिकीच्या मुलांना मदत दिली जाते, ती योग्यच आहे. त्या यादीत वस्त्ररचना हा विषय घालावा, आणि यंदापासून निदान एका मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीचा भाग समाजाने उचलावा. मुलीच्या, हे मी मुद्दाम म्हणतो. कारण हल्ली आपल्या घरांतील उत्तम कातर बहुधा मुलींच्याच हाती आहे, आणि पुरुषांचे कोट त्यांनी का बेतू नयेत? प्रवेशपरीक्षेचे अर्ज हिवाळ्यात निघतात. माहितीपत्रकाच्या काही प्रती मी चिटणीसांकडे दिल्या आहेत. ज्यांना पाहिजे असतील त्यांनी जेवणाच्या आधी घ्याव्यात, कारण नंतर त्यांना लाडवाचे हात लागतील.