चीजची पुडी आणि माझं पोट
(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. मी बी-विंगमधला तो माणूस, जो गणपतीच्या महाप्रसादाला कधी बसत नाही. "यांना आपल्यात मिसळायला आवडत नाही," असं काहीजण म्हणतात, तेही कानावर आलंय. खरं कारण सांगायची लाज वाटायची. मला आयबीएस आहे. जेवल्यावर पोट फुगतं, कळा येतात, आणि मग घर किती जिने वर आहे एवढंच डोक्यात असतं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी लो फॉडमॅप आहार सांगितला. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने त्यावर बरंच काम केलंय. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात त्या आंबतात आणि वायू धरतो. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध! म्हणजे आपलं निम्मं स्वयंपाकघरच गेलं.

पण चीज चालतं म्हणाल्या. मुरवलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरत नाही. बरंचसं निवळीबरोबर जातं, राहिलेलं जिवाणू संपवतात. मी खूश. नातीच्या वाढदिवसाला वाडगाभर चीज बॉल्स खाल्ले आणि रात्र संडासात काढली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुडीची मागची बाजू वाचायला लावली. मक्याचं पीठ, तेल, इथपर्यंत ठीक. पुढे व्हे पावडर, म्हणजे चीज करताना जी निवळी काढली, तीच वाळवून परत आत, लॅक्टोजसकट. त्यापुढे कांदा पावडर, लसूण पावडर. नाव चीजचं, पण चोर हे! या दोन पावडरींतलं फ्रुक्टन माझ्या पोटाला चिमूटभरही पुरतं.

तेव्हापासून मी शेजारच्या जैन कुटुंबाचा ऋणी आहे. त्यांच्याकडे पाहून मी 'जैन' लिहिलेली पुडी घ्यायला लागलो. कांदा-लसूण गेला, दुधाची पावडर मात्र तिच्यातही बघावी लागते. प्रोसेस्ड चीजची एखादी स्लाइस मला पचते, पण क्रीमसारखं पसरायचं चीज घेताना मी दुधाचे घटक वाचतोच. आणि तळलेलं पुडीभर खाल्लं तर नुसत्या तेलानेही पोट बिघडतं, त्याचा दोष फॉडमॅपला देऊ नका.

हा आहार जन्मभराचा नाही, बरं का. दोन ते सहा आठवडे कडक, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. दही मला चालतं, हे असंच कळलं. पण तज्ज्ञाला विचारल्याशिवाय कुणी सुरू करू नका. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर आधी डॉक्टर.

कमिटीला एक विनंती. महोत्सवाच्या जेवणात एक पातेलं बिनकांदा-लसणाच्या भाजीचं आणि साधा भात ठेवा. फोडणीला हिंग घाला, फक्त डबीवर मैदा लिहिलाय का तेवढं बघा. या वेळी पंगतीत माझं पान मांडा. दाराजवळचं मिळालं तर बरं.