जुन्या गाण्यांवर हक्क कोणाचा?

शहादा, तळोदा किंवा धडगावच्या बाजारात जुनी गाणी पेन ड्राइव्हवर भरून घेताना एवढं ध्यानात ठेवा: एका गाण्यावर अनेकांचा हक्क असतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९६० साली निघालेली तबकडी २०२०च्या अखेरीस मुक्त झाली. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’चंच पाहा. गदिमांचे शब्द २०३७च्या अखेरपर्यंत, तर सुधीर फडके यांच्या चाली २०६२च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. म्हणजे तबकडी मुक्त झाली, तरी गाणं मुक्त होतंच असं नाही.

सातपुड्यातली पारंपरिक पावरी, भिली गीतं कुणा एकाची नाहीत. पण त्यांच्या ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा हक्क असतो आणि गायनावर गायकाचा, तोही ५० वर्षे. आपल्या गावच्या गायकांनी हे जरूर जाणून घ्यावं.

चोरट्या प्रती विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. अधिकृत प्रतीवर निर्माता, हक्कधारक आणि प्रकाशनवर्ष नोंदवणं बंधनकारक आहे. ते पाहूनच गाणी विकत घ्या, कलावंताचं देणं कलावंताला पोहोचू द्या.